परिस्थितीनुसार

करारात एकच ओळ होती :
ॲपने परिस्थितीनुसार वागावे.
अल खुवैरच्या ऑफिसात अंगावर स्वेटर ओढून
तेवीस अंशांत बसून
मी परिस्थिती लिहीत होते.

उजेड वाढला, तर पडदा उजळ.
माणूस चालतोय, तर अक्षरं मोठी.
फार वेळ एका जागी असेल,
तर विचारा, काम अडलंय का.
रात्रभर फोन जिथे पडून असतो
ते घर.
जर, तर, नाहीतर.
इतकं सोपं वाटत होतं.

जूनमध्ये रुवीला गेले. सात मजले जिना,
वर गच्ची, आणि गच्चीवर एसीची अकरा धुडं
एकमेकांच्या तोंडावर गरम श्वास टाकत.
शरफुद्दीन सारंग. गाव हर्णै.
बावीस वर्षं मस्कतच्या गच्च्यांवर.
म्हणाला, "या बाय. सावली नाय, पन या."

त्यानं फोन काढला.
ऊन बघून पडदा उजळला,
उजळला म्हणून तापला,
तापला म्हणून, स्वतःचा जीव वाचवायला,
काळा पडला.
माझ्या दोन अटी भर उन्हात भांडत होत्या
आणि मधे हा, हातात पाना घेऊन.

चिडला नाही. उन्हाकडे पाठ केली,
वाकला, छातीखाली तळहाताएवढी सावली केली
आणि फोन तिच्यात धरला,
तान्ह्याला वाऱ्यापासून धरतात तसा.
बोटाला घाम. पडद्यानं भलतंच बटण ऐकलं.
मग बोट दुमडून सांध्यानं दाबलं,
दारावर टकटक करावी तसं.
"हे असं," म्हणाला. "तुमी नवीन काय करणार होतात?"

साडेबाराला उन्हातलं काम बंद, उन्हाळ्याचा कायदा.
जिन्यात बसलो. त्यानं डबा उघडला, भात, सुकट,
अर्धा माझ्यापुढे सरकवला.
तेवढ्यात ॲप बोललं :
तुम्ही चाळीस मिनिटं एका जागी आहात. काम अडलंय का?
शरफुद्दीननं घास गिळला.
"ह्याला शिकवा जरा. बसलेला मानूस
अडलेलाच असतो असं नाय."
मी वहीत लिहून घेतलं.
वहीला भाताचं शीत चिकटलं, ते अजून आहे.

जाताना त्यानं नकाशा दाखवला.
घालाच्या कॅम्पवर एक छोटं कौलारू चित्र.
"हे घर कोनाचं?"
तुमचं, म्हणाले.
"ही आठ जणांची खोली. घर हर्णैला.
ह्या फोनानं बघितलंच नाय ते.
मागल्या सुट्टीनंतर घेतला मी हा."

परत आले. स्वेटर घातला नाही दोन दिवस.
चित्र काढलं. शब्द शोधत बसले.
निवास : हा फक्त फॉर्मवर राहतो.
खोली : खरं, पण आठांनी भागावं लागतं.
मुक्काम : पाहुण्याचा. बावीस वर्षं कोण पाहुणा असतं?
बिऱ्हाड जवळ आलं होतं,
पण बिऱ्हाडाला चूल लागते
आणि चुलीपाशी कुणीतरी.
बद्र, माझा वरिष्ठ, म्हणाला, रिकामं सोड ना.
रिकाम्या जागेवर प्रोग्राम कोसळतो, मी म्हटलं.
तो हसला, मग गप्प झाला.
त्याचंही गाव तिकडे डोंगरापलीकडे, शुक्रवारपुरतं.

शेवटी एक चौकट ठेवली :
या जागेला तुम्ही काय म्हणता?
उत्तरं येत गेली. रूम. कॅम्प. बेड सहा.
कुणी मल्याळममध्ये काही,
कुणी नुसतं एक टिंब.

शरफुद्दीनची चौकट कोरी आहे.
रात्री दहाला ॲप त्याला विचारतं,
तो "नंतर" दाबतो.
नोंदीत फक्त वेळ दिसते,
कशानं दाबलं ते कळत नाही.
बहुतेक सांध्यानंच, सवयीनं,
हात कोरडा असतानाही.